हुकूम कोणाचा, शिधा कोणाचा : प्रसंग बदलला की लष्करी तुकडी आपली रचना कशी बदलते

प्रश्न थोडक्यात असा : ठाण्यात पावसाळ्यात काम करणारं ४२ स्वयंसेवकांचं पथक आहे. दिवा परिसरात पाणी भरलं तर एक रचना लागते, कळव्याच्या डोंगरउतारावर दरड आली तर दुसरी, नौपाड्यातली धोकादायक इमारत रिकामी करायची तर तिसरी. दर वेळी नव्याने गट पाडले जातात आणि पहिला तास ‘तू कोणाच्या गटात’ यातच जातो. सैन्यात परिस्थिती याहून वेगाने पालटते, तर तिथे रचना कशी बदलतात आणि त्यातलं आम्हाला काय घेता येईल?

सैन्यात प्रसंग आल्यावर गट पाडत नाहीत. गट आधीच पडलेले असतात आणि ते शक्यतो मोडले जात नाहीत. बदलतो तो गटांमधला जोड : कोणती तुकडी कोणाच्या हुकमाखाली, किती वेळ, आणि तिला खायला-प्यायला कोणी घालायचं. या तीन गोष्टी लेखी ठरलेल्या असल्या तर रचना वीस मिनिटांत बदलते. ठरलेल्या नसल्या तर अनुभवी पलटणीचाही तुमच्यासारखाच गोंधळ होतो.

आधी न बदलणारा भाग बघू. भारतीय पायदळात सर्वांत लहान तुकडी म्हणजे सेक्शन, हवालदारासह दहा जण. तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. चार रायफल कंपन्या, एक सपोर्ट कंपनी (हिच्याकडे उखळी तोफा आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं) आणि एक मुख्यालय कंपनी मिळून बटालियन, म्हणजे पलटण, साधारण ८०० माणसांची. हे आकडे सवयीने आलेले नाहीत. गोळीबाराच्या आवाजात, अंधारात, एका माणसाला नऊ जणांची खबर ठेवता येते, पंचवीस जणांची नाही. आणि तीनचा हिशेब असा की दोन तुकड्या कामाला लावल्या तरी एक हातात राहते. हातात राहिलेली तुकडी हीच अधिकाऱ्याची खरी ताकद असते, कारण लढाई सुरू झाल्यावर त्याला बदलता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट उरते.

शिवकाळात आकडे वेगळे होते, पण गट न मोडण्याचा विचार हाच होता. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. मोहीम मोठी की लहान, सुरतेला की कर्नाटकात, यावर किती जुमले जायचे ते ठरायचं. हवालदाराचे पंचवीस मात्र त्याचेच राहायचे.

सेक्शन न मोडण्याचं कारण भावनिक नाही. जे दहा जण महिनोन्‌महिने एकत्र राहिलेत त्यांना एकमेकांचा आवाज अंधारात ओळखता येतो, कोण दमलाय ते चालीवरून कळतं, कोणाचा हात बिनतारी संचावर चांगला चालतो हे विचारावं लागत नाही. अवघड काम आलं की प्रत्येक गटातले दोन-दोन पट्टीचे वेचून ‘खास गट’ करण्याचा मोह होतो. त्याने एकमेकांना अनोळखी अशा दहा जणांचा एक गट मिळतो आणि मागे चार लंगडे गट उरतात. सैन्याने यावर काढलेला तोडगा शिकण्यासारखा आहे : खास गट लागणारच असेल तर तो आधीच निवडून, वेगळा सराव देऊन, कायमचा ठेवायचा. प्रत्येक पायदळ पलटणीत घातक प्लाटून असते ती यासाठीच. ४ जुलै १९९९ च्या पहाटे टायगर हिलच्या माथ्याकडे कड्यावरून चढली ती १८ ग्रेनेडिअर्सची घातक प्लाटून; त्या रात्री इकडून-तिकडून गोळा केलेली माणसं नव्हेत.

आता बदलणारा भाग. सैन्यात एक तुकडी दुसरीला जोडण्याचे अनेक प्रकार आहेत, पण तुम्हाला दोन पुरेत. पहिला ‘अंडर कमांड’ : तुकडी पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात. काय करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं, सगळं नवा अधिकारी सांगतो, आणि सहसा जेवणखाणही त्याच्याकडेच जातं. दुसरा ‘इन सपोर्ट’ : तुकडी मदतीला दिलेली, पण हुकूम तिच्या मूळ अधिकाऱ्याचाच. ज्याला मदत हवी तो ‘मला अमुक ठिकाणी अमुक परिणाम हवा’ एवढंच सांगतो. तो कसा साधायचा हे मदतीला आलेली तुकडी ठरवते.

कुठला प्रकार कधी, हे तोफखान्याकडे बघितलं की पटकन समजतं. तोफखान्याचा निरीक्षण अधिकारी पायदळाच्या कंपनीबरोबर चालतो, लक्ष्य बघतो आणि मारा मागवतो. पण तोफा त्या कंपनीच्या ताब्यात दिल्या जात नाहीत. कारण तोफेचा पल्ला मैलोन्‌मैल असतो. आत्ता या कंपनीसाठी मारा चालू असेल, दहा मिनिटांनी शेजारच्या कंपनीवर प्रतिहल्ला आला तर त्याच तोफांची तोंडं तिकडे वळवता यायला हवीत. ताब्यात दिल्या असत्या तर पहिला कंपनी कमांडर त्या सोडायला तयार झाला नसता, आणि त्याच्या जागी कोणीही झाला नसता. याउलट सुरुंग काढणारे इंजिनिअर एकदा कंपनीबरोबर पुढे गेले की त्यांना मागून हुकूम देण्यात अर्थ नसतो. डोळ्यांसमोर काय आहे ते कंपनी कमांडरलाच दिसतं, म्हणून ते अंडर कमांड.

यातून निघणारा नियम सोपा आहे. जे साधन दूरवरून अनेकांच्या उपयोगी पडू शकतं ते मदतीला द्या, ताब्यात देऊ नका. जे एकदा गेलं की त्याच कामात अडकणार आहे ते ताब्यात द्या. तुमच्याकडे एकच जनरेटर आणि एकच रुग्णवाहिका असेल तर ती कुठल्याही गटाच्या ताब्यात जाता कामा नये. नौका आणि तिचे चार जण मात्र ज्या गटाबरोबर पाण्यात उतरतील त्यांच्या ताब्यात.

रणगाडे आणि पायदळाचा जोड तिसऱ्या तऱ्हेचा. रणगाडा रेजिमेंट आपली एक स्क्वॉड्रन (रणगाड्यांची कंपनी) पायदळ पलटणीला देते, पलटण आपली एक कंपनी रेजिमेंटला. अशा अदलाबदलीतून जो मिश्र गट बनतो त्याला कॉम्बॅट ग्रुप म्हणतात. नेतृत्व कोणाकडे, हे हुद्द्याबरोबरच जमीन कशी आहे यावर ठरतं : उघड्या मैदानात रणगाड्यांचा अधिकारी, गावात किंवा दाट झाडीत पायदळाचा. दोन्हीकडच्या तुकड्या आतून अखंड राहतात. स्क्वॉड्रन फोडून प्रत्येक सेक्शनला एकेक रणगाडा वाटला जात नाही.

मुलकी प्रशासनाच्या मदतीला सैन्य येतं तेव्हाचं नातं ‘इन सपोर्ट’ म्हणजे काय ते सर्वांत स्वच्छ दाखवतं. जिल्हाधिकारी काम सांगतात, मात्र जवान त्यांच्या हुकमाखाली जात नाहीत. कुठली तुकडी, कोणत्या मार्गाने, कोणत्या क्रमाने, हे त्यांचाच अधिकारी ठरवतो. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे १०५० प्रवासी बाहेर काढले गेले. तिथे एनडीआरएफ, नौदल, रेल्वे, पोलीस आणि आसपासचे गावकरी एकाच पाण्यात काम करत होते. अशा ठिकाणी सगळ्यांना एकाच्या हुकमाखाली आणण्याचा हट्ट धरला तर काम सुरूच होत नाही. कोणी कोणत्या बाजूने शिरायचं आणि माणसं कुठे आणून सोडायची एवढं ठरलं की पुरतं. तुमचं पथकही महापालिकेच्या टीडीआरएफ (ठाणे आपत्ती प्रतिसाद दल) किंवा एनडीआरएफच्या शेजारी उभं राहतं तेव्हा नातं हेच असतं. पोचल्याबरोबर विचारायचा प्रश्न एकच : ‘आम्ही तुमच्या ताब्यात की मदतीला?’

हुकूम लिहायचा कसा? लष्करी ऑपरेशन ऑर्डरमध्ये पाच परिच्छेद असतात : माहिती, मिशन, अंमलबजावणी, प्रशासन व पुरवठा, कमांड आणि सिग्नल. कोण आपल्याकडे जोडलंय आणि आपलं कोण दुसरीकडे गेलंय हे सुरुवातीच्याच भागात वेळेसह लिहिलेलं असतं. तुमच्यासाठी तो असा दिसेल :

‘गट ३ ची नौका चौकडी (४ जण, १ रबरी नौका, २ वॉकीटॉकी) आज १४०० पासून गट १ च्या अंडर कमांड. भेटण्याची जागा : दिवा स्टेशन पूर्व, तिकीटघरासमोर. काम : सखल चाळींतून आधी म्हातारी माणसं आणि रुग्ण बाहेर काढणं. मुदत : उद्या ०६०० किंवा गट १ ‘काम संपलं’ कळवेल तेव्हा, जे आधी होईल ते. जेवण-पाणी : आज मध्यरात्रीपर्यंत स्वतःचं, पुढे गट १. इंधन आणि दुरुस्ती : मुख्यालय. बिनतारी : चॅनेल २, हाकेचं नाव नौका एक. चौकडीप्रमुख जायबंदी झाल्यास सूत्रं क्रमांक दोनकडे.’

यातली एकही ओळ शोभेची नाही. भेटण्याची जागा गाळली की चौकडी स्टेशनच्या पश्चिमेला उभी राहते आणि गट पूर्वेला वाट बघतो. चॅनेल गाळला की चौकडी जुन्याच चॅनेलवर बोलत राहते, म्हणजे कागदावर गट १ ची आणि कानाने गट ३ ची. हा दोष सगळ्यात जास्त घडतो आणि सगळ्यात उशिरा कळतो. म्हणून जोड प्रत्यक्षात झाला असं तेव्हाच मानायचं, जेव्हा नव्या प्रमुखाने नव्या चॅनेलवर हाक दिली आणि चौकडीने उत्तर दिलं. मुदत गाळली की तात्पुरती दिलेली माणसं परत येत नाहीत. आणि उत्तराधिकारी गाळला तर काय होतं ते सांगायला नकोच.

जेवणाच्या ओळीवर थोडं अडतो, कारण नवखे लोक नेमकी तीच सोडतात. सैन्यात रोज सकाळी प्रत्येक तुकडीची परेड स्टेट निघते : किती हजर, किती रजेवर, किती आजारी, किती दुसरीकडे जोडलेले. लंगरात किती जणांचा शिधा शिजवायचा ते त्या आकड्यावर ठरतं. दहा जणांची तुकडी दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि आकडा बदलला नाही, तर एका लंगरात दहा ताटं वाया जातात आणि दुसऱ्या ठिकाणी दहा जण उपाशी झोपतात. उपाशी राहिलेल्या तुकडीला दुसऱ्या दिवशी कोणाचाही हुकूम आपला वाटत नाही. जुलैच्या दमट हवेत कमरेएवढ्या पाण्यात काम करणाऱ्या माणसाला दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचं पाणी सहज लागतं. नऊ जणांना छत्तीस ते पंचेचाळीस लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन-तीन जार, तेही भरलेल्या रस्त्याने उचलून न्यायचे. म्हणून जोडून पाठवलेली प्रत्येक तुकडी पहिला दिवस स्वतःच्या जिवावर काढेल एवढं बरोबर घेऊनच निघते.

आता एका माणसाने किती जणांना थेट सांभाळायचं ते. सैन्याचा अनुभव तीन ते पाच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये आपत्ती प्रतिसादाची जी पद्धत घालून दिली तीही एकास पाच हेच प्रमाण धरते. तिच्यात दोन शब्द उपयोगाचे आहेत : एकाच प्रकारच्या साधनांचा गट म्हणजे स्ट्राइक टीम, वेगवेगळ्या साधनांचा मिश्र गट म्हणजे टास्क फोर्स. पाच नौका एकत्र ही पहिली. एक नौका, एक वैद्यकीय जोडी आणि दोरवाले ही दुसरी. सातवा, आठवा गट थेट प्रमुखाला विचारायला लागला की समजायचं, रचना तुटायला आली. अशा वेळी प्रमुख बदलून उपयोग नसतो, मध्ये एक थर घालावा लागतो.

तुमच्या ४२ चा हिशेब मी असा मांडेन. नऊ-नऊचे चार कायमचे गट, म्हणजे ३६, आणि सहा जणांचं मुख्यालय. प्रत्येक गटात एक प्रमुख आणि चार-चारच्या दोन चौकड्या. चौकडी हे तुमचं सर्वांत लहान एकक, ती कधीही मोडायची नाही. पाण्यात दोघं आणि काठावर दोघं, दोराला दोघं आणि स्ट्रेचरला दोघं, असं बहुतेक काम चौघांत बसतं. मुख्यालयात प्रमुख, उपप्रमुख, नकाशा व नोंदी, बिनतारी, साहित्य व शिधा, आणि संपर्क. प्रमुखाच्या थेट हाताखाली चार गट आणि उपप्रमुख असे पाचच.

दिव्यात पाणी भरलं की नौका असलेल्या चौकड्या ज्याच्या भागात पाणी जास्त त्या गटाकडे, एक गट निवाऱ्याच्या शाळेत नोंदणीला, एक गट राखीव. कळव्याला पारसिक डोंगराच्या उतारावर दरड आली तर उलट : जागा अरुंद असते आणि ढिगाऱ्यावर जास्त माणसं चढली की खाली अडकलेल्यावर वजन येतं, म्हणून एका वेळी एकच गट वर. दुसरा साखळीने माती हलवायला, तिसऱ्यातली एक चौकडी फक्त उताराकडे तोंड करून पहाऱ्याला (नवी भेग, वाहणारं गढूळ पाणी, कलणारं झाड दिसलं की शिट्टी), चौथा राखीव. वरचा गट दर वीस-तीस मिनिटांनी पूर्ण बदलायचा, एकेक माणूस नाही. सी-१ (अतिधोकादायक) वर्गातली इमारत रिकामी करताना मजल्यांप्रमाणे चौकड्या आणि जिन्यावर एक स्वतंत्र प्रमुख, कारण कोंडी जिन्यातच होते. तीन रचना, पण चौकडीतल्या चौघांसाठी काहीच बदललेलं नाही. त्यांना फक्त नवं काम आणि नवा चॅनेल कळला.

सैन्यात रचना तीन वेगांनी बदलते, हेही नीट वेगळं करायला हवं, नाहीतर तासांत करायच्या बदलाला माणसं महिने घालवतात किंवा महिन्यांचा बदल एका रात्रीत मागतात.

तासांतला बदल वर आला. दुसरा आठवड्यांचा. कारगिलच्या वेळी ८ माउंटन डिव्हिजन (काही पलटणींची ब्रिगेड, काही ब्रिगेडची डिव्हिजन, काही डिव्हिजनची कोअर) काश्मीर खोऱ्यात दहशतवादविरोधी कामावर होती. तिच्या तुकड्या लहान-लहान चौक्यांत विखुरलेल्या, काम गस्तीचं आणि नाकेबंदीचं. तिला द्रास-मश्कोहमध्ये आणून तोफांच्या आडोशाने शिखरांवर चढाई करणारी फौज म्हणून उभं करायचं होतं. कागदावरचं नातं एका हुकमाने बदलतं. शरीराचं वेळापत्रक वेगळं असतं. आपल्या सैन्यात उंचीची सवय टप्प्याटप्प्याने लावतात : ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० वर आणखी चार, त्याच्या वर पुन्हा चार. घाई केली की शत्रूआधी फुप्फुसात साठलेलं पाणी माणूस नेतं. रचनेचा बदल किती वेगाने होईल हे सगळ्यात सावकाश बदलणाऱ्या घटकावर ठरतं. तुमच्याकडे तो घटक म्हणजे पोहता येणं आणि दोराच्या गाठी. ते जूनच्या आधी झालं पाहिजे.

तिसरा वेग वर्षांचा. जम्मू-काश्मीरसाठी पुन्हा पुन्हा पलटणी काढून आणाव्या लागत होत्या, त्यात त्यांचा सीमेवरचा सराव बुडत होता. १९९० मध्ये राष्ट्रीय रायफल्स उभी राहू लागली. तिची बटालियन चारऐवजी सहा रायफल कंपन्यांची, कारण तिला जागा सोडून जायचं नसतं, पसरून एक भाग वर्षानुवर्षं धरायचा असतो. जवान आपापल्या रेजिमेंटमधून ठरावीक मुदतीसाठी येतात, बटालियन मात्र तिथेच राहते आणि गावं, वाटा, माणसं यांची ओळख टिकते. आणि तरी गाभा एका रेजिमेंटचा ठेवलाच : ४१ राष्ट्रीय रायफल्सचा मराठा लाइट इन्फंट्रीचा आहे. कारगिलनंतर १ सप्टेंबर १९९९ ला लेहला १४ कोअरचं मुख्यालय उभं राहिलं, त्याआधी लडाखही श्रीनगरच्या १५ कोअरकडेच होतं. एका मुख्यालयाच्या डोळ्यांना दोन वेगळी युद्धं दिसत नाहीत, हा धडा त्यात आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर स्ट्राइक कोअर (चढाईसाठी राखलेल्या कोअर) सीमेवर पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. मोठ्या कोअरमधून मिश्र गट ऐनवेळी बांधण्यापेक्षा ते आधीच बांधून सीमेजवळ ठेवावेत, या विचाराने पुढे इंटिग्रेटेड बॅटल ग्रुपच्या चाचण्या झाल्या, आणि जुलै २०२५ मध्ये द्रासला लष्करप्रमुखांनी ‘रुद्र’ ब्रिगेडची घोषणा केली : पायदळ, यांत्रिकी पायदळ, रणगाडे, तोफखाना, विशेष दल आणि ड्रोन एकाच ब्रिगेडमध्ये. घातक प्लाटूनमागचाच विचार इथे ब्रिगेडच्या पातळीवर आलेला दिसतो.

मुख्यालयाचं कामच पालटल्याचं १९७१ मधलं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १०१ कम्युनिकेशन झोन हे मुख्यालय शांततेत पुरवठ्याच्या वाटा सांभाळणारं. त्याला युद्धात उत्तरेकडून जमालपूर-मैमनसिंगमार्गे लढत उतरण्याची जबाबदारी मिळाली आणि लढाऊ ब्रिगेड जोडल्या गेल्या. मोहिमेत मेजर जनरल गुरबक्षसिंग गिल सुरुंगाने जखमी झाले, मेजर जनरल नागरा यांनी सूत्रं घेतली, वेग तुटला नाही. ११ डिसेंबरला २ पॅरा (छत्रीधारी पलटण) टांगाइलजवळ उतरली. जमिनीवरून जाऊन पूंगली पुलाशी तिला गाठलं ते पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने, आपल्या जंगी पलटणीने. १६ तारखेला ढाक्याच्या वेशीवर हीच फौज होती. खालच्या पलटणी अखंड आणि हेतू स्पष्ट होता, म्हणून वरचं मुख्यालय मूळचं कशासाठी होतं याने अडलं नाही.

अगदी टोकाचं विकेंद्रीकरण बघायचं तर १६८९ नंतरचं स्वराज्य बघा. राजाराम महाराज जिंजीला, मधला मुलूख मोगलांनी भरलेला, हुकूम पोचायला आठवडे. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ करून महाराष्ट्रातले निर्णय तिथेच घेण्याचा अधिकार दिला गेला, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजा स्वतःच्या बुद्धीने हिंडत राहिल्या. एकच मान कापून संपेल अशी ती रचना राहिली नाही आणि औरंगजेबाला शेवटपर्यंत घाव घालायला जागा सापडली नाही. पण किंमतही त्याच रचनेत होती. संताजी-धनाजींचं वैर मिटवायला जवळ कोणी नव्हतं, आणि शिधा-पगाराची जबाबदारी सरदारांवर टाकून दिलेले सरंजाम नंतर परत घेता आले नाहीत. हुकूम वाटला तर तो परत येतो. शिधाही वाटून टाकला की फौज कायमची त्या सरदाराची होते.

बिघडलेली उदाहरणंही सांगतो. १९५७ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने अणुयुद्ध डोळ्यांसमोर ठेवून डिव्हिजनमधला एक थर काढला आणि पाच बॅटल ग्रुप थेट डिव्हिजनखाली आणले. कागदावर सुटसुटीत दिसलं, पण त्या वेळच्या बिनतारी यंत्रणेला आणि कमांडरना इतक्या तुकड्या थेट सांभाळणं झेपलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती रचना सोडून दिली. तिच्या जागी तीन ब्रिगेड मुख्यालयं ठेवली आणि त्यांना कामाप्रमाणे कमी-जास्त बटालियन जोडायच्या असं ठरलं. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये रशियाचे बटालियन टॅक्टिकल ग्रुप वेगळ्याच टोकाला अडकले : ६०० ते ९०० माणसांच्या गटाला तोफा, रणगाडे, हवाई संरक्षण सगळं जोडलेलं, पण ते हाकायला बटालियनचंच लहानसं मुख्यालय, आणि रणगाड्यांना आडोसा द्यायला पायदळ अपुरं. तुकडीला साधनं जोडताना तिचं मुख्यालय वाढवलं नाही तर जोडलेलं प्रत्येक साधन ओझं होतं. तुमच्याकडेही एखाद्या गटाला नौका, डॉक्टर आणि दोरवाले जोडलेत तर मुख्यालयातला एक जण बिनतारी घेऊन त्या गटप्रमुखाबरोबर जायलाच हवा.

तो संपर्काचा माणूस कोण, यावरून मुख्यालयाची समज कळते. बहुतेक ठिकाणी जो इथे नको तो तिकडे धाडला जातो. लष्करात चांगला लिएझन ऑफिसर म्हणजे ज्याला पाठवताना कमांडरला त्रास होतो असा. त्याला दोन्हीकडचं चित्र समजतं, आणि तो आपल्या प्रमुखाच्या वतीने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो.

बदल कधी करायचा हे आधीच लिहून ठेवा, कारण पाणी वाढत असताना दोन माणसांची मतं जुळत नाहीत. ठाण्यासाठी खुणा ठरवता येतात : हवामान खात्याचा रेड अलर्ट, त्या दिवशी ४.५ मीटरच्या वर भरती, आणि भरतीच्या आधीच्या दोन तासांत न थांबलेला पाऊस. तिन्ही जमले की खाडीचं पाणी नाल्यांत उलटं शिरतं आणि निचरा थांबतो. पाणी दिसण्याची वाट न बघता रचना तेव्हाच बदलायची. एक खूण असेल तर नुसती सूचना, दोन असतील तर गट ठरलेल्या जागी, तीन असतील तर जोड लागू.

सराव सेंट्रल मैदानावर, पाऊस नसताना, वीस मिनिटांचा करा. पहिल्या दोन मिनिटांत मुख्यालय वॉर्निंग ऑर्डर देतं : काय घडतंय, कोण हलणार, किती वाजता. सगळं ठरेपर्यंत थांबायचं नाही. एवढ्यावरच खालच्या चौकड्या साहित्य उचलायला लागतात. हातात जितका वेळ असेल त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त प्रमुखाने स्वतःच्या विचाराला घ्यायचा नाही, बाकीचा खालच्यांचा. सातव्या मिनिटापर्यंत लेखी जोड गटप्रमुखांच्या हातात. पुढच्या पाचात चौकड्या नव्या प्रमुखासमोर, त्याने डोकी आणि साहित्य मोजायचं. मग चॅनेल बदलून हाक-प्रतिसाद. उरलेल्या वेळात नव्या प्रमुखाने काम सांगायचं आणि चौकडीप्रमुखाने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. पहिल्या सरावाला चाळीस मिनिटं लागतील. घड्याळ लावून पुन्हा करा, आणि एकदा मुद्दाम गटप्रमुखाला ‘जखमी’ करून बाजूला बसवा.

परत येण्याचा हुकूमही जाण्याच्या हुकमाइतकाच लेखी असतो. मुदत संपली की चौकडी नव्या प्रमुखाला कळवून निघते, जुन्या प्रमुखासमोर उभी राहते, चार डोकी आणि साहित्य पुन्हा मोजलं जातं. नौका, दोर, लाइफ जॅकेट, वॉकीटॉकी, बॅटऱ्या. हरवलेलं त्याच क्षणी लिहिलं जातं. चॅनेल मूळचा, हाक-प्रतिसाद पुन्हा. मग मुख्यालय नोंदवहीत वेळ टाकून जोडाची ओळ खोडतं, आणि रात्रीच्या जेवणाचा आकडा बदलतो.